पोलादी नळ, प्लास्टिकचे अस्तर आणि झिरपणारा वायू
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



एखाद्या शास्त्रीय विषयावर बोलावे, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खेड्यातील शाळेत हयात घालविलेला शिक्षक आहे, शास्त्रज्ञ नव्हे. तथापि एक जुनी चूक माझ्या पदरी आहे. ती आपणापुढे कबूल करावी आणि त्या निमित्ताने चार गोष्टी सांगाव्यात, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

माझा पुतण्या लहान असताना जत्रेत त्याला गॅसचा फुगा घेऊन दिला होता. रात्री आढ्याला टेकलेला तो फुगा सकाळी जमिनीवर लोळत होता. "काका, गाठ तर घट्ट आहे. मग आतला गॅस गेला कुठे?" असे त्याने विचारले. "गाठ सैल असेल," असे म्हणून मी त्यास गप्प केले. पुढे तो अभियंता झाला व ओमानच्या वाळवंटात तेलवाहिन्यांच्या देखभालीवर रुजू झाला. गेल्या गणपतीत घरी आला तेव्हा हसत म्हणाला, "काका, गाठ सैल नव्हती हो. आमचे सारे काम त्या फुग्याचेच आहे."

त्याने समजाविले ते असे. भूगर्भातून तेल निघते तेव्हा त्यासोबत खारे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि कित्येक ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही येतो. त्यांच्यायोगे पोलादी नळ आतून गंजतो. नवा नळ घालणे फार खर्चाचे. म्हणून जुन्या नळातच पॉलिथीनचे अस्तर बसवितात. अस्तराची नळी मूळ नळाच्या पोकळीहून किंचित जाड घेतात, रुळांमधून दाबून ती बारीक करतात आणि दोराने ओढून आत नेतात. ताण सुटताच ती फुगून पोलादाला घट्ट बिलगते. दाब सोसावयाचा पोलादाने आणि गंज थोपवावयाचा प्लास्टिकने, अशी ही वाटणी होय.

परंतु प्लास्टिक पाणी अडविते म्हणून वायूही संपूर्ण अडविते, असे मात्र नाही. आपल्या भगिनींना हे ठाऊकच आहे. हिंगाची पुडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तरी फडताळात वास सुटतोच. जत्रेतील फुग्याचे कोडे १८३० च्या सुमारास अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील डॉ. जॉन मिचेल यांना पडले होते. हायड्रोजनचे रबरी फुगे खाली का येतात, याचा त्यांनी शोध घेतला व वायू रबरातूनच पार जातो असे दाखविले. पुढे १८६६ साली थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने त्याचे कारण सांगितले. वायू छिद्रातून निसटत नाही. तो एका बाजूने रबरात विरघळतो, आतून सरकत जातो आणि पलीकडे पुन्हा मोकळा होतो. पॉलिथीनलाही हाच नियम लागू आहे. त्यातून कार्बन डायऑक्साइड प्राणवायूपेक्षा कितीतरी जलद जातो, आणि उष्णता वाढली की झिरपही वाढते.

आता धोका कोठे आहे तो पाहा. झिरपलेला वायू अस्तर आणि पोलाद यांच्यामधील चिंचोळ्या फटीत साठत जातो. वाहिनी चालू असते तोवर आतील दाब अस्तराला बाहेर रेटून धरतो, म्हणून काही बिघडत नाही. परंतु दुरुस्तीसाठी वाहिनी रिकामी केली की आतील आधार जातो. मागे कोंडलेला वायू प्रसरण पावतो आणि अस्तरास आत ढकलतो. त्याचा गोल छेद पत्त्यांतील बदामासारखा दुमडतो. असे वारंवार घडले की अस्तर घडीवर फाटते.

पुतण्याच्या नोकरीच्या प्रारंभीच हे घडले. वायू बाहेर सोडण्यासाठी अस्तराच्या प्रत्येक टप्प्याच्या टोकाशी पोलादात बारीक छिद्रे पाडून झडपा बसविलेल्या असतात. त्या बंद राहिल्या होत्या. वरिष्ठांना घाई होती. त्यानेही झडपा पाहिल्या नाहीत. दाब भराभर उतरविला गेला आणि शेकडो मीटर अस्तर आत कोसळले. त्याची बढती लांबली. "मनुष्यहानी झाली नाही, हे दैव," असे तो म्हणाला. आता तो झडपांवरील दाब स्वतः वाचतो, तो वायू विषारी असू शकतो म्हणून सावधपणे सोडतो, आणि मगच वाहिनीचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवितो.

शहरांत आज घरगुती गॅस पॉलिथीनच्या पिवळ्या नळांतून येतो. ते ऐकून कोणी घाबरू नये. त्यांतील झिरप अत्यल्प असते आणि तेथे असे अस्तर नसते. घरात गॅसचा वास आला तर मात्र ती झिरप नव्हे, गळती समजावी. खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणास हात लावू नये व त्वरित वर्दी द्यावी.

बंधुभगिनींनो, त्या सकाळी "मला ठाऊक नाही, आपण शोधू," एवढे जरी मी म्हटले असते तरी पोराचा प्रश्न जिवंत राहिला असता. उत्तर त्याने स्वतः मिळविले, परंतु नुकसान सोसून. आपल्या घरातील मुले असे काही विचारतील तेव्हा माझी चूक कृपया आठवावी.