शिफारसपत्र लिहिताना

(हीरकमहोत्सवी समारंभात पालक व माजी विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



६० वर्षांच्या या शाळेत मी २९ वर्षे विज्ञान शिकवले. मराठी माध्यमातील मुलाला स्टॅनफर्डसारख्या परदेशी खासगी विद्यापीठात प्रवेश मिळण्यास कशाचे साहाय्य होते, हे सांगण्याची आज मला आज्ञा झाली आहे. त्याआधी एक कबुली देतो.

अशाच एका विद्यापीठासाठी एका विद्यार्थिनीने माझ्याकडे शिफारसपत्र मागितले होते. ‘हुशार, नम्र, शिस्तप्रिय’ असे मी लिहून दिले. ती विशेषणे मी आजवर कितीतरी मुलांना लावली होती. ही मुलगी मात्र दोन वर्षे दर आठवड्याला वस्तीतील विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून आणी, त्यातील क्षारांचे प्रमाण मोजी. एकदा तर माझाच हिशेब चुकल्याचे तिने दाखवून दिले होते. यातले अक्षरही मी लिहिले नाही. तिला नकार आला. तो माझ्या पत्रामुळेच आला, असे म्हणता येणार नाही. पण त्या पत्रात ती कुठेच नव्हती, हे खरे.

स्टॅनफर्डमध्ये १०० अर्जदारांमागे पाचांनाही प्रवेश मिळत नाही. उत्तम गुण हवेतच. परंतु ते बहुतेकांपाशी असतात. म्हणून निवड करणारे पुढचे वाचतात : शाळेने दिलेली माहिती, दोन शिक्षकांची पत्रे आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे लेखन. सामायिक अर्जातील निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा असते. स्टॅनफर्ड त्याखेरीज छोटे निबंध मागते. त्यांपैकी एक भावी खोलीसोबत्याला लिहिलेले पत्र असते. प्रशस्तिपत्रांच्या चळतीतून हे पत्र निघत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की अर्जदाराची कामगिरी त्याला उपलब्ध असलेल्या संधींच्या संदर्भात पाहिली जाते. आपल्या शाळेत मोठी प्रयोगशाळा नाही, हा दोष ठरत नाही. आहे तेवढ्यातून मुलाने काय उभे केले, हे पाहतात. उपक्रमांच्या यादीत दहा जागा असतात. त्या सगळ्या भरल्याच पाहिजेत असे नाही. आजारी आजीची शुश्रूषा, वडिलांच्या दुकानातील हिशेब, धाकट्या भावंडाचा अभ्यास यांनाही तिथे स्थान आहे. आपण पालक नेमके तेच लपवतो.

पैशाचा विषयही घरात आधीच बोलावा. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक साहाय्य मागितले, तर स्टॅनफर्ड प्रवेश ठरवताना ते विचारात घेते. हार्वर्ड आणि एमआयटी घेत नाहीत.

आपल्या भाषेतील मुलांना ही वाट अगदी नवी नाही. १८८३ साली कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. आपली तयारी अपुरी असेल, हे त्यांनी झाकले नाही. स्वकीयांच्या विरोधाला न जुमानता आपण इथवर का आलो, ते सांगितले. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्या पदवीधर झाल्या.

शिक्षकांना माझे सांगणे एवढेच, की आठवीपासून प्रत्येक मुलाच्या नावे वहीचे एक पान राखावे आणि त्यावर विशेषणे न लिहिता प्रसंग लिहावेत. माजी विद्यार्थ्यांनी मुलांचे निबंध वाचून शंका विचाराव्यात. निबंध लिहून मात्र देऊ नयेत. पालकांनी मुलाला कशाचा ध्यास आहे ते पाहावे आणि त्याला त्यासाठी वेळ द्यावा. एवढे करूनही नकार येऊ शकतो. पण लागलेला ध्यास नकारपत्राने हिरावला जात नाही.

ती मुलगी पुढे आपल्याच देशात शिकली. तिचे काही अडले नाही. अडले ते माझे. त्या वर्षापासून मी वही ठेवू लागलो. निवृत्त होताना ती शाळेच्या स्वाधीन केली आहे. तिची बरीच पाने अजून कोरी आहेत.