माकडं, पोलिओ आणि नाकातला फवारा

विषाणूचा अभ्यास प्राण्यावर करायचा तर आधी पाहायला हवं, की तो प्राणी माणसासारखाच आजारी पडतो का? पोलिओचंच घ्या. 1908 साली व्हिएन्नात लँडस्टायनर आणि पॉपर यांनी पोलिओने दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अर्क दोन माकडांना टोचला. त्यांच्या मज्जारज्जूतही तशीच इजा दिसली. पुढे न्यूयॉर्कमध्ये सायमन फ्लेक्सनर यांनी आपल्याकडे दिसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांवर प्रयोग केले. नाकात विषाणू घातला की ती लुळी पडत, तोंडावाटे दिला तर सहसा पडत नसत. म्हणजे पोलिओ नाकातून शिरतो, असं ठरून गेलं. 1937 साली टोरांटोत हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारला. पोलिओ थांबला नाही; काही मुलांना वास येईनासा झाला.

मग प्राण्यांवरचे प्रयोग फसवेच, असं कुणी म्हणेल. पण ही चूक उलगडली तीही प्राण्यांमुळेच. चिंपँझींना विषाणू तोंडावाटे दिला, तेव्हा तो आतड्यात वाढला; 1952 साली लुळेपणाआधीच तो रक्तात सापडला. रक्तात गाठता येतो, म्हणजे लशीने अडवता येतो. नुसत्या पेशींवर हे कळलं नसतं, कारण बशीतल्या पेशींना ना आतडं, ना रक्ताभिसरण. मुक्या जिवाला वेदना द्यायची, तर निदान प्रश्न तरी नेमका हवा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने कोव्हॅक्सिन ही कोरोनावरची लस तपासली ती अशाच लाल तोंडाच्या 20 माकडांवर, आणि प्रश्न नेमका होता: लस फुफ्फुस वाचवते का? लस दिलेल्या माकडांत न्यूमोनिया आढळला नाही.