मुलांच्या हातातील प्रौढांचे खेळ आणि आपली संमती

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी मला ‘व्यापारातील सचोटी’ हा विषय दिला होता. चाळीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या गादीवर बसल्यामुळे त्या विषयावर मी तासभर बोलू शकलो असतो आणि आपणही सवयीने ऐकून घेतले असते. परंतु मी विषय बदलून मागितला. संगणकाचा मी जाणकार नाही. बी.कॉम. होऊन वडिलांच्या दुकानात बसलेला मी एक साधा व्यापारी आहे. तरीही व्हिडिओ गेमसारख्या विषयावर बोलण्यास उभा राहिलो, याचे कारण माझ्याच घरात घडलेला एक प्रसंग आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

माझा नातू बारा वर्षांचा, सातवीत शिकतो. मागील दिवाळीत त्याने एका खेळाची डिस्क मागितली. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या सूनबाईने, दोन वेळा स्पष्ट नकार दिला होता. खरेदीसाठी पुण्याला गेलो असता मी नातवाला घेऊन एका दुकानात शिरलो. दुकानदार तरुण होता, पण सचोटीचा. त्याने विचारले, “काका, कोणासाठी?” मी नातवाकडे बोट दाखविले. तो म्हणाला, “हा अठरा वर्षांवरील मुलांचा आहे, बघा.” डबीच्या कोपऱ्यात लाल चौकटीत १८ हा आकडा ठळक छापलेला होता. मी तो पाहिला आणि म्हणालो, “अहो, खेळच तर आहे.” पैसे दिले आणि बाहेर पडलो.

आता गंमत पाहा. सुरतेहून अगर इचलकरंजीहून माल आला की मी तागा उलगडून त्याचा काठ वाचतो. सूत किती, पॉलिएस्टर किती, पन्हा किती, रंग पक्का की कच्चा, हे पाहिल्याशिवाय मी पावतीवर सही करीत नाही. गिऱ्हाइकाने “कॉटन आहे ना?” असे विचारले तर धागा जाळून दाखवितो. हाच मनुष्य नातवाच्या हाती काय देतो आहे, यावर छापलेला आकडा वाचून सोडून देतो!

पंधरा-वीस दिवसांनी एका संध्याकाळी मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. पडद्यावर त्याचा नायक एका लहानशा दुकानात शिरला आणि त्याने पिस्तूल रोखले. गल्ल्यावरचा मनुष्य हात वर करून थरथरत होता, पिशवीत नोटा भरीत होता. मी विचारले, “त्याने पैसे दिले नाहीत तर?” नातू नजर न हलविता म्हणाला, “मग मारावं लागतं, आजोबा.” माझा चेहरा पाहून त्याने समजूतही काढली, “अहो, खोटं असतं हे सगळं. तो पुन्हा उभा राहतो.” मुलगा लबाड नाही, दुष्ट नाही. दारात आलेल्या कुत्र्याच्या पिलाला तो स्वतःच्या वाटीतले दूध देतो. पण मी आयुष्यभर गल्ल्यावर बसलेला मनुष्य आहे. त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

सूनबाईने मुलासमोर चकार शब्द काढला नाही. नंतर एकटी असताना एवढेच म्हणाली, “बाबा, डिस्कचे मला फारसे वाटले नाही. आईच्या ‘नाही’ला या घरात किंमत नाही, हे त्याला समजले, त्याचे वाईट वाटले.” बंधू-भगिनींनो, या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हापासून मी या विषयाची माहिती मिळवू लागलो. पुतण्या संगणक क्षेत्रात आहे, त्याने पुष्कळ साहाय्य केले. तेव्हा ध्यानात आले की हा वाद नवा नाही. अमेरिकेत १९९३ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नावाचा मारामारीचा खेळ घरोघरी पोहोचला. तोच खेळ दोन कंपन्यांच्या यंत्रांवर निघाला होता. निन्टेन्डोने त्यातील रक्त काढून टाकले, तर सेगाच्या यंत्रावर ठराविक बटणे दाबली की रक्त दिसे. पालक खवळले, डिसेंबर महिन्यात तेथील सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि सरकारने कायदा करण्यापूर्वीच उद्योगाने १९९४ साली स्वतःचे वर्गीकरण मंडळ स्थापन केले. सर्वांसाठी, किशोरांसाठी, सतरा वर्षांवरील प्रौढांसाठी, अशी अक्षरे डबीवर येऊ लागली. युरोपात २००३ पासून ३, ७, १२, १६ आणि १८ असे सरळ आकडेच छापले जातात. मी पाहिलेला लाल चौकटीतील आकडा त्याच पद्धतीचा.

२००५ साली एक प्रकरण गाजले. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या खेळाच्या पोटात कंपनीने एक अश्लील भाग बंद करून ठेवलेला होता, तो कोणीतरी उघडून दाखविला. जुलै महिन्यात खेळाचा शेरा सतरावरून अठरावर नेण्यात आला. फरक एकाच वर्षाचा, परंतु मोठमोठ्या दुकानांनी तो फडताळावरून उतरविला. न्यूयॉर्कच्या एका आजीबाईंनी कंपनीवर दावा लावला. त्यांनी तो खेळ आपल्या नातवासाठी घेतला होता आणि फसवणूक झाली, असे त्यांचे म्हणणे. नातवाचे वय होते चौदा. म्हणजे शेरा बदलण्यापूर्वीही, सतरा वर्षांचा असतानाही, तो खेळ त्या मुलासाठी नव्हताच! हे ऐकून मी प्रथम हसलो. मग लाल चौकट आठवली आणि हसू मावळले. कंपनीने लपविले हा दोष कंपनीचा खराच, मात्र जे डबीवर उघड छापले होते तेही कोणी वाचले नव्हते.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने अशा हिंसक खेळांची अठरा वर्षांखालील मुलांस विक्री करणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड ठरविला. कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते अर्नोल्ड श्वार्झनेगर, ज्यांनी स्वतःचे नाव बंदुकीच्या चित्रपटांतूनच कमाविले होते. २०११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा कायदा रद्द केला. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी ग्रिमच्या परीकथांची आठवण करून दिली. त्यांतही चेटकिणीला भट्टीत ढकलतात आणि सावत्र बहिणींचे डोळे पक्षी फोडतात. आपल्या पुराणांतील युद्धे आणि नरकवर्णने आठवली तर या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येत नाही.

मला व्यापारी म्हणून अधिक महत्त्वाची वाटली ती एक वेगळी नोंद. तेथील व्यापार आयोग मुलांना एकटे दुकानात पाठवून तपासणी करीत असे. २००० साली शंभरातील पंच्याऐंशी मुलांना प्रौढांचा खेळ सहज विकत मिळाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा आकडा तेरावर आला. कायद्याचा दंड नसताना दुकानदार सुधारला. मग तो खेळ मुलाच्या हाती जातो कसा? माझ्यासारखा कोणीतरी बरोबर जातो आणि पैसे देतो.

आपल्याकडे समाजाची वृत्ती दोन टोकांची आहे. एक टोक ‘खेळच तर आहे’ हे, ज्यावर मी उभा होतो. दुसरे टोक ‘सरकारने बंदी घालावी’ हे. २०१७ साली ‘ब्लू व्हेल’ची किती भीती पसरली होती, आठवते ना? शाळांच्या सभा झाल्या, पत्रके निघाली. पुढे चौकशीत त्या मृत्यूंशी अशा खेळाचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही, असे २०१८ च्या आरंभी सरकारने लोकसभेत सांगितले. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटला ‘पबजी’ खेळणाऱ्या तरुणांना पोलिसांनी पकडले. २ सप्टेंबर २०२० रोजी तो खेळ देशभर बंद झाला, तेव्हा पुष्कळ पालकांनी पेढे वाटावेत असा आनंद व्यक्त केला. वस्तुतः ती बंदी ११८ अॅपवर होती आणि कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते. आपल्या मुलांच्या अभ्यासाचा त्यात विचार नव्हता. दहा महिन्यांत तोच खेळ दुसऱ्या नावाने परतला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. द्यूत हे आपण सप्तव्यसनांत प्रथम मोजतो, तेव्हा त्याचे मी स्वागतच करतो. तथापि ज्या खेळात पैसा लावावयाचा नसतो, त्यात बारा वर्षांच्या मुलाने काय पाहावे, याचे उत्तर तो कायदा देत नाही. चित्रपटाला आपल्याकडे १९५२ च्या कायद्याने प्रमाणपत्र लागते. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला मुलगा घेऊन गेलो तर दारावरचा मनुष्य अडवितो. घरातील पडद्याच्या दारावर असा मनुष्य नाही.

हानी किती होते, याविषयी अतिशयोक्ती करण्याची माझी इच्छा नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली म्हटले की हिंसक खेळ आणि आरडाओरड, ढकलाढकली असे आक्रमक वर्तन यांचा लहानसा पण खात्रीचा संबंध आढळतो, परंतु या खेळांमुळेच प्रत्यक्ष गंभीर हिंसा घडते, असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही. तेव्हा “गेम खेळतो म्हणजे उद्या खून करील” असे मुलाच्या तोंडावर म्हणू नये. त्याला ते खोटे वाटते आणि मग आपले खरे बोलणेही तो खोट्यात जमा करतो.

आणि प्रौढांचा खेळ म्हणजे घाणच, असेही समजू नका. पुतण्याने मला ‘धिस वॉर ऑफ माइन’ नावाचा पोलंडमध्ये तयार झालेला खेळ दाखविला. साराजेव्हो शहराच्या वेढ्यावरून तो सुचला. त्यात सैनिक होऊन लढावयाचे नसते. वेढ्यात अडकलेल्या साध्या माणसांना अन्न, औषध आणि ऊब मिळवून जगवावयाचे असते. चोरी करून औषध आणले तर आणणारा माणूस खचतो, जेवत नाही. युद्ध म्हणजे काय, हे मला त्या अर्ध्या तासात अनेक चित्रपटांपेक्षा अधिक समजले. पोलंडच्या सरकारने २०२० साली तो शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत घालण्याचे जाहीर केले. तरीही तो बारा वर्षांच्या मुलाला मी देणार नाही. मोठ्या माणसाचा सदरा चांगला असतो म्हणून तो लहान मुलाच्या अंगाला येत नाही.

राजा यशोधराची कथा आपण सर्वांनी पाठशाळेत ऐकलेली आहे. आईच्या आग्रहाने त्याने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी माता आणि पुत्र दोघांनाही कित्येक जन्म फिरावे लागले. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात ‘यशस्तिलक’मध्ये ही कथा विस्ताराने लिहिली. मी ती नातवाला ऐकवावयास निघालो होतो. मग थांबलो. कारण कृत, कारित आणि अनुमोदित असा आपल्याकडे तिहेरी हिशेब आहे. मुलाने केले असेल ते अजाणतेपणी. करविणारा आणि संमती देणारा कोण, हे त्या डबीच्या पावतीवर लिहिलेले होते. कथेतील आईच्या जागी मी होतो.

मी काय केले ते सांगतो, उपदेश म्हणून नव्हे. प्रथम सूनबाईची नातवासमोर क्षमा मागितली. सासऱ्याने सुनेची क्षमा मागणे आपल्या पिढीला जड जाते. मलाही गेले. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी आपण हात जोडून सर्वांना एकच वाक्य म्हणतो, त्याहून हे निराळे होते. नंतर डिस्क कपाटात ठेवली. फेकली नाही, कारण ती वाईट म्हणून नव्हे तर वयाची म्हणून ठेवली, हे त्याला कळावयास हवे होते. अठरा पूर्ण झाल्यावर त्याची त्याला मिळेल, असे सांगितले. तीन दिवस तो दुकानाकडे फिरकला नाही. चौथ्या दिवशी आला, पण माझ्याशी बोलणे अजून पूर्वीसारखे नाही. आता नवा खेळ घ्यावयाचा असेल तर तो, त्याची आई आणि मी तिघे बसून आकडा पाहतो आणि पहिला अर्धा तास मी शेजारी बसतो. मोटारींच्या शर्यतीत त्याने मला सतरा वेळा हरविले आहे. होकार किंवा नकार मात्र त्याची आई देते.

फोनवरच्या खेळांनाही असे आकडे असतात. प्ले स्टोअरवर खेळाच्या नावाजवळ ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ लिहिलेले असते, आणि मुलाच्या फोनवर वयाची मर्यादा घालून पालकाच्या हाती किल्ली ठेवता येते. हे मला दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. आपणापैकी किती जणांना ठाऊक आहे, हात वर करावयास सांगत नाही.

येत्या रविवारी सकाळी पूजेनंतर नऊ वाजता याच सभागृहात आपल्या समाजातील महाविद्यालयीन मुले-मुली ही किल्ली कशी लावावी ते दाखविणार आहेत. आजी-आजोबांनी अवश्य यावे, येताना मुलांच्या हातात असतो तो फोन घेऊन यावे आणि सुनेला बरोबर आणावे. अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहत आहेत. सूर्यास्ताला पाऊण तास उरला आहे, खाली पंगत मांडलेली आहे आणि वाढपी खोळंबले आहेत.