खांद्यावरचे वजन आणि मनातला विश्वास
(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रायफल हा विषय खरे म्हणजे निवृत्त सेनाधिकाऱ्याने किंवा अभियंत्याने मांडावयाचा. मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. तरीही हा विषय मी आग्रहाने निवडला. कारण शस्त्राचा इतिहास हा केवळ पोलादाचा आणि दारूचा इतिहास नसतो. ते शस्त्र कोणी घडविले, कोणी मंजूर केले आणि कोणाच्या हाती दिले, याचाही तो इतिहास असतो. अलीकडे अमेरिकेत एका अखंड प्लॅस्टिक सांगाड्याच्या हलक्या रायफलची बरीच चर्चा झाली. त्या निमित्ताने हलकेपणा कसा येतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

पायदळाचा सैनिक आपले सारे विश्व पाठीवर घेऊन चालतो. पाणी, शिधा, दारूगोळा, बिनतारी संच, चिलखत. या ओझ्यातील बरेचसे वाटेत उतरवून ठेवता येते. रायफल मात्र हातातून सुटत नाही. म्हणून तिच्यातील पाव किलो घटले, तरी दिवसअखेरीस त्याचा हिशेब सैनिकाच्या दंडाला आणि श्वासाला कळतो.

विमानाच्या कारखान्यातील कल्पना

दुसऱ्या महायुद्धानंतरही रायफल म्हणजे पोलाद आणि अक्रोडाचे लाकूड, हेच समीकरण होते. ते मोडले विमाने बनविणाऱ्यांनी. १९५४ साली फेअरचाइल्ड या विमान कंपनीने कॅलिफोर्नियात आर्मालाइट नावाचा एक छोटा विभाग सुरू केला. तेथील मुख्य अभियंता यूजीन स्टोनर. महायुद्धात मरिन दलात सेवा केलेला हा गृहस्थ अभियांत्रिकीचा पदवीधर नव्हता. विमानात वापरले जाणारे ॲल्युमिनियम आणि काचतंतूमिश्रित प्लॅस्टिक रायफलमध्ये का वापरू नये, या प्रश्नातून त्याची एआर-१० ही रायफल साकारली.

येथे एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज सलिव्हन यांना आणखी वजन घटवावयाचे होते. त्यांनी नळीसुद्धा ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्या संयोगाची करण्याचा आग्रह धरला. स्टोनरचा त्याला विरोध होता. १९५७ च्या प्रारंभी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात चाचणी सुरू असताना ती नळी फुटली. पुढे पोलादी नळी बसविली गेली, पण संधी हातची गेली होती. त्याच वर्षी अमेरिकी सैन्याने चार किलोंहून अधिक वजनाची, लाकडी दस्त्याची एम-१४ स्वीकारली. कोठे हलके करावयाचे आणि कोठे मुळीच नाही, हा विवेक सुटला की चांगली कल्पनाही बदनाम होते.

एआर-१० ची धाकटी आवृत्ती म्हणजे एआर-१५. तिची आखणी प्रामुख्याने रॉबर्ट फ्रिमाँट आणि जिम सलिव्हन यांनी केली. १९५९ साली तिचे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले आणि सैन्यात ती एम-१६ या नावाने आली. वजन सुमारे तीन किलो. खरा लाभ काडतुसांत होता. ७.६२ मिलिमीटरची शंभर काडतुसे सुमारे २.४ किलो भरतात, ५.५६ मिलिमीटरची जवळजवळ निम्मी. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात सैनिकाजवळ दुप्पट काडतुसे.

दोष नेमका कोठे होता?

मग व्हिएतनामच्या जंगलात हीच रायफल ऐन लढाईत अडकू लागली. झाडलेल्या काडतुसाचे रिकामे कवच नळीच्या मुळाशी रुतून बसे आणि शत्रू समोर असताना सैनिक सफाईची सळई घालून ते बाहेर ढकलीत बसे. काहींना तेवढा अवधी मिळाला नाही. सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रे वृत्तपत्रांत आली, आईवडिलांनी लोकप्रतिनिधींना जाब विचारला आणि १९६७ साली रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने चौकशी केली.

लोकांचा ग्रह असा होता की, हे प्लॅस्टिकचे खेळणे लढाईला अयोग्यच. चौकशीत निराळेच चित्र दिसले. काडतुसातील दारूचा प्रकार मध्येच बदलला गेला होता आणि त्या बदलासह रायफलची पुरेशी पारख झाली नव्हती. दमट हवेत गंज रोखण्यासाठी काडतूस जेथे बसते त्या भागाला क्रोमचा मुलामा आवश्यक होता. तो दिलेला नव्हता. आणि ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही अशा भाबड्या समजुतीपायी पुरेसे सफाईचे साहित्यही सैनिकांपर्यंत पोहोचले नव्हते. समितीने सेनादलाच्या व्यवस्थापनावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. पुढे मुलामा आला, साहित्य आले, प्रशिक्षण आले आणि तीच रायफल पुढील अनेक दशके टिकली. हलकेपणाने जवान दगावले नव्हते. कागदावर सह्या करणाऱ्यांच्या बेफिकिरीने दगावले होते.

अखंड सांगाडा

आता प्लॅस्टिककडे वळू. १९५९ साली अमेरिकेच्या रेमिंग्टन कंपनीने नायलॉन ६६ ही शिकारीची छोटी रायफल बाजारात आणली. तिचा दस्ता आणि यंत्रणेचा सांगाडा ड्यूपाँ कंपनीच्या नायलॉनमध्ये सलग घडविला होता. लोक हसले. तेव्हा कंपनीच्याच टॉम फ्राय या विक्रेत्याने हवेत उडविलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांवर नेम धरला. चुकले केवळ सहा. पुढे अशा दहा लाखांहून अधिक रायफली विकल्या गेल्या.

एआर-१५ च्या बाबतीत हे इतके सोपे नव्हते. या रायफलचे दोन मुख्य भाग. वरच्या भागात नळी आणि बोल्ट. खालचा भाग म्हणजे लोअर रिसीव्हर. त्यात घोड्याची यंत्रणा आणि मॅगझिनची खाच असते. गोळी सुटली की बोल्ट मागे येतो आणि दस्त्यातील नळकांड्यात शिरून स्प्रिंगवर आदळतो. ते नळकांडे लोअर रिसीव्हरच्या मागील बाजूच्या एका कड्यात आट्यांनी बसविलेले असते. ॲल्युमिनियमचे कडे हा ताण सोसते. अनेक उत्पादकांनी त्याच आकाराचा भाग जसाच्या तसा प्लॅस्टिकमध्ये ओतला, आणि रायफल पडली किंवा दस्त्यावर आघात झाला की नेमके ते कडे तडकू लागले. दोष प्लॅस्टिकचा नव्हता. धातूसाठी आखलेला आकार निराळ्या पदार्थावर लादला गेला होता.

या शतकाच्या प्रारंभी ॲरिझोनातील कॅव्हलरी आर्म्स या कंपनीने दुसरा मार्ग धरला. कडेच नको आणि सांधाही नको, असा विचार करून तिने मूठ, लोअर रिसीव्हर आणि दस्ता हे सारे एकसंध केले. सीएव्ही-१५ नावाचा हा सांगाडा नायलॉनच्या दोन अर्ध्या भागांना एकजीव करून बनविला जाई. पुढे ही रचना ओक्लाहोमातील दुसऱ्या कंपनीकडे गेली. २०१७ च्या सुमारास इयन मॅकॉलम आणि कार्ल कसार्डा या दोन शस्त्र-अभ्यासकांनी एक प्रश्न मांडला की, आजचे पदार्थ उपलब्ध असते तर स्टोनरने काय केले असते? त्यांनी अखंड सांगाडा, बारीक पोलादी नळी आणि कार्बन तंतूंचे पुढचे आवरण यांची सांगड घातली. २०२० साली ॲरिझोनातीलच केई आर्म्सने केपी-१५ हा काचतंतूमिश्रित नायलॉनचा, एकाच साच्यातून निघणारा सांगाडा आणला. त्यावर उभी राहिलेली रायफल सुमारे अडीच किलोंची.

यातील मर्म असे की, येथे वजन घटले ते काही कोरून काढल्याने नव्हे, तर सांधे कमी केल्याने. जेथे जोड तेथे दुबळेपणा. जोडच नसेल तर ताण साऱ्या देहात विभागला जातो. मात्र लाभासोबत मर्यादा येतेच. दस्त्याची लांबी उंच-ठेंगण्या सैनिकाप्रमाणे बदलता येत नाही, आणि एक कोपरा निकामी झाला तर सारा सांगाडा बदलावा लागतो. म्हणूनच ही रचना आजवर प्रामुख्याने अमेरिकेच्या नागरी बाजारात राहिली आहे. त्या मुक्त बाजाराची मोठी किंमत तो समाज मोजत आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्रनिर्मितीस मज्जाव केला आहे आणि ते योग्यच आहे. आपण या प्रयोगाकडे पाहावयाचे ते विचारपद्धतीसाठी.

पारख कोणी करावयाची?

प्लॅस्टिकवरील विश्वासाची आणखी एक परीक्षा जर्मनीत झाली. १९९७ मध्ये तेथील सैन्याने जी-३६ ही मोठ्या प्रमाणावर प्लॅस्टिक वापरलेली रायफल स्वीकारली. पुढे, ती तापली की नेम ढळतो असे आक्षेप आले, आणि २०१५ साली संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांनी आहे त्या स्वरूपात या रायफलला सैन्यात भवितव्य नाही, असे जाहीर केले. परंतु त्याच वर्षी एका आयोगाला आढळले की, अफगाणिस्तानात ती प्रत्यक्ष वापरलेल्या सैनिकांची तिच्याविषयी तक्रार नव्हती. आणि २०१६ मध्ये कोब्लेंझच्या न्यायालयाने निर्णय दिला की, रायफली कराराबरहुकूमच होत्या. प्रयोगशाळा एक सांगते, रणभूमी दुसरे आणि करार तिसरे. म्हणून शस्त्राकडून नेमके काय हवे, हे आधीच स्पष्ट लिहावे लागते.

आपल्या देशाचा अनुभव याहून निराळा नाही. पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन संस्थेने आखलेली इन्सास ही ५.५६ मिलिमीटरची रायफल १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात देशाने पाहिली. पुढच्याच वर्षी कारगिल घडले. त्या गोठविणाऱ्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. एम-१६ च्याच आकाराचे काडतूस, पण इन्सासचे वजन रिकाम्या अवस्थेतही चार किलोंच्या वर. म्हणजे हलकेपणाचा पुरता लाभ पदरात पडला नाही, आणि एका लहानशा भागामुळे साऱ्या रायफलीचे नाव खाली आले. मॅगझिन ही किरकोळ वस्तू वाटते. पण ते तडकले की उरते ती केवळ काठी.

त्यानंतर सैन्याने वाट बदलली. २०१९ साली अमेरिकेकडून ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे बनविण्याचा करार झाला. आणि जानेवारी २०२४ मध्ये पाषाणच्याच संस्थेने एका खाजगी उद्योगासोबत उग्रम ही चार किलोंहून कमी वजनाची रायफल सादर केली. या मातीत बुद्धीचा तुटवडा नाही, हे यावरून दिसते. तुटवडा असतो तो पारखण्यातील निर्दयतेचा. आपले म्हणून कौतुक करणे हा देशाभिमान खरा. पण आपले म्हणूनच ते अधिक कठोरपणे तपासणे, हा त्याहून मोठा देशाभिमान होय.

खंडेनवमीला आपण शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करतो. हळदकुंकू वाहतो. त्या पूजेचा अर्थ मला असा वाटतो की, ज्यावर कोणाचे तरी प्राण अवलंबून आहेत, ती वस्तू निष्काळजीपणे घडविणे हे पाप आहे. साचा ओतणारा कामगार, दारूचा प्रकार ठरविणारा अधिकारी, करार लिहिणारा लिपिक आणि चाचणीच्या अहवालावर सही करणारा अभियंता, यांपैकी कोणीही सीमेवर उभा नसतो. तेथे उभा असतो तो विशी-पंचविशीतील एक तरुण, आणि या साऱ्यांनी आपले काम चोख केले असेल, हे त्याने गृहीत धरलेले असते. त्याच्या खांद्यावरचे वजन आपण अवश्य कमी करू या. मात्र त्याच्या मनातील विश्वास एका गुंजेनेही घटता कामा नये.