हळद आपली, कागद कोणाचा?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पेटंट म्हटलं की ती मोठ्या कंपन्यांची भानगड वाटते. पण हळदीचं प्रकरण आठवा. जखमेवर हळद दाबायला आपल्याला आई-आजीनं शिकवलं. १९९५ साली अमेरिकेत याच गुणावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशाच्या बळावर? जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक छापील लेख. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातली तोंडी माहिती पुरावा धरली जात नव्हती. म्हणजे लाखो आज्यांची साक्ष तिथं चाललीच नसती!

तरीही पेटंट वाईटच, असं मी म्हणणार नाही. तो एक सौदा आहे. शोध लावणारीनं आपली युक्ती जगापुढे पूर्ण उघड करायची, बदल्यात सरकार वीस वर्षं तिच्या परवानगीशिवाय इतरांना ती वापरू देत नाही. भांडवल नसलेल्या बाईला या हक्काचा आधार असतो. ती स्वतः धंदा करू शकते किंवा मोबदला घेऊन दुसऱ्याला परवानगी देऊ शकते.

मात्र शोध नवा हवा. पारंपरिक ज्ञानावर आपल्याकडे पेटंट मिळत नाही. २००२ च्या दुरुस्तीनं ते कायद्यातच लिहिलं गेलं. आजीच्या मसाल्यावर पेटंट नाही, पण तुमच्या मसाल्याच्या नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंद होते. शेंगा फोडायचं नवं यंत्र बनवलंत, तर पेटंट मागता येतं. मग ते प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज करा. एकदा सगळ्यांनी पाहिलं की नवेपणा गेला. सगळे तपशील तयार नसतील तर तात्पुरता अर्ज करून बारा महिन्यांत पूर्ण अर्ज देता येतो. २०१९ पासून अर्जदारांत एक जरी स्त्री असली, तरी लवकर तपासणी मागता येते.

आता कळीचा प्रश्न. अर्जावर नाव कोणाचं? सातबारा त्याचा, घर त्याचं. यंत्र तिनं जुळवलं तरी कागदावर तोच? कायदा तर खऱ्या आणि पहिल्या शोधकाचं नाव मागतो. ते नाव सोडू नका.

आणि जे ज्ञान एकीचं नाही, साऱ्याजणींचं आहे, त्याचं काय? पेटंटच्या चौकटीत ते बसत नाही. पण २००१ च्या पीक वाण कायद्यानं शेतकऱ्यांच्या गटालाही वाणाची नोंद करता येते. बियाणं निवडणारे, राखेत घालून जपणारे हात बहुतेक बायकांचेच असतात. त्या गटाच्या यादीत त्यांची नावं आहेत का, हे आपणच पाहायला हवं.

म्हणून प्रत्येक गटानं एक वही घालावी. कोणी काय शोधलं, कधी, कोणाच्या मदतीनं, सगळं तारखेनिशी लिहावं. शोधाची युक्ती त्यात असेल, तर अर्ज होईपर्यंत ती वही बाहेर दाखवू नये. तोंडी ज्ञानानं आपली घरं चालली. हक्क मात्र कागदावर मिळतात.