गौप्यस्फोटानंतरचा एपिसोड

मालिका लिहिणाऱ्या, लिहून कंटाळलेल्या, तरीही उद्या सकाळी अकरापर्यंत सीन पाठवायचाच असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संमेलनाच्या अध्यक्षानं मालिका-लेखनाच्या एकंदर स्थितीवर बोलावं असा रिवाज आहे. ती स्थिती तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक आहे: आगाऊ तयार एपिसोडची बँक संपलेली असते आणि चॅनलचा फोन आलेला असतो. तेव्हा ते सोडून मी एकाच प्रसंगाबद्दल बोलणार आहे. पारलिंगी व्यक्ती घरच्यांना आपल्याविषयी सांगते, तो प्रसंग. आपल्याकडे हा सीन फार कमी वेळा लिहिला गेला आणि लिहिला गेला तेव्हा बहुधा सांगणाऱ्याच्या तोंडचा घास काढून घेऊन लिहिला गेला.

2016मध्ये कलर्सवर 'शक्ती – अस्तित्व के एहसास की' सुरू झाली. नायिका सौम्या किन्नर म्हणून जन्मलेली. बाप तिच्या जिवावर उठतो, आई तिला वाचवते, वाढवते आणि तिच्यापासूनही लपवते. पुढे लग्न होतं आणि सासरी बिंग फुटतं. म्हणजे बघा, गुपित आईकडे आहे, बापाकडे आहे, मग सासरच्यांकडे आहे, सोफ्यावर बसलेल्या प्रेक्षकाकडे तर पहिल्यापासून आहे. जिचं आहे तिच्याकडे मात्र नाही. मालिका पाच वर्षं चालली, घराघरांत पाहिली गेली, किन्नर नायिकेवर नवऱ्याचं प्रेम दाखवायचं धाडस तिनं केलं. हे श्रेय मी जराही कमी करत नाही. पण सौम्याला 'मी सांगते' असा सीन मिळाला नाही. तिच्याबद्दल इतरांनी सांगितलं.

याचं कारण आपल्या धंद्यात आहे. दागिने कुणी चोरले, मूल कुणाचं, पहिला नवरा जिवंत आहे का, या सगळ्यासाठी आपल्याकडे एकच यंत्र आहे: गौप्यस्फोट. प्रोमो, महाएपिसोड, तीनदा झूम, धाडकन संगीत, ब्रेक. या यंत्रात पारलिंगी माणूस घातला की तोही चोरलेल्या हारासारखा 'सापडतो'. आणि कॅमेरा त्याच्यावर थांबतच नाही. तो सासूवर जातो, जावेवर जातो, दारातल्या शेजारणीवर जातो. सहा क्लोजअप दुसऱ्यांचे. ज्याचं आयुष्य चाललंय तो फ्रेमच्या कडेला मान खाली घालून उभा.

दुसऱ्या टोकाचा सीन अमेरिकन आहे. 2014ची 'ट्रान्सपेरंट', अ‍ॅमेझॉनची. सत्तरीला टेकलेला निवृत्त प्राध्यापक मॉर्ट आपल्या तिन्ही मोठ्या मुलांना जेवायला बोलावतो. सांगायचं असतं की मी स्त्री आहे, माझं नाव मोरा. टेबलावर बार्बेक्यू आहे. मुलांच्या बोटांना, तोंडाला सॉस लागलाय. बाबांना कॅन्सर झाला असणार, असा तर्क मुलं बांधून मोकळी होतात. मग सगळी गाडी घरावर घसरते. हे राहतं घर कुणाला मिळणार, कुणाला नको, यावर तिघांची हमरीतुमरी. आणि मॉर्ट सांगत नाही. घर सोडतोय, एवढंच बोलतो. पहिल्या भागात 'सांगण्याचा' सीन हा न सांगता आलेला सीन आहे! ना संगीत, ना झूम. घरात कुणी कुणाचं ऐकत नाही, हे तर आपण आपल्या प्रत्येक मालिकेत रोज लिहितो. दिवाणखान्यात बारा माणसं एकदम बोलणारा सीन आपल्याइतका सराईतपणे जगात कुणी लिहीत नसेल. मग हा सीन आपल्या हातून का सुटला?

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. कॅनडाची शाळकरी मुलांची मालिका 'डिग्रासी', साल 2010. अ‍ॅडम हा पारलिंगी मुलगा. घरात माहीत आहे, सावत्र भावाला माहीत आहे, सांगून झालेलं आहे. पण आजी येणार आहे. आई म्हणते, आजी आहे तेवढे दिवस पुन्हा पूर्वीची ग्रेसी हो. झालं! इथे खलनायक कोणी नाही. आईचं पोरावर प्रेम आहे, आजीचा धसका आहे, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. पोर फ्रॉक चढवतं आणि आतून मोडत जातं. शेवटी आईला कळतं आणि घरचे मिळून ग्रेसीचे कपडे जाळतात. या एपिसोडांना पीबॉडी पुरस्कार मिळाला. (तीन वर्षांनी त्याच मालिकेनं अ‍ॅडमला गाडी चालवता चालवता मेसेज पाठवणाऱ्यांना धडा म्हणून अपघातात मारून टाकलं. मालिकावाले सगळीकडे सारखेच.)

'आजी येणार आहे' हा तर अस्सल मराठी ट्रॅक आहे. घरच्यांना सांगणं एका रात्रीत संपत नाही. गावच्या जत्रेला कुठल्या कपड्यांत जायचं, भावाच्या लग्नपत्रिकेत नाव कुठलं छापायचं, हळदीकुंकवाला वाण द्यायचं का, आजोबांच्या वर्षश्राद्धाला पिंडाशी कोण बसणार. दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. हे बारा भागांच्या वेबसिरीजला परवडत नाही. वर्षाला तीनशे एपिसोड रतीब घालणाऱ्या दैनंदिन मालिकेलाच परवडतं. आपल्याला ज्या लांबणीबद्दल शिव्या बसतात, ती या एका विषयाला हवी आहे.

2023च्या 'ताली'त क्षितिज पटवर्धन या आपल्याच लेखकानं एक जागा फार नेमकी पकडली आहे. पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावरची ही वेबसिरीज, दिग्दर्शन रवी जाधव यांचं. लहानगा गणेश, म्हणजे पुढची गौरी, वर्गात सांगतो, मला मोठेपणी आई व्हायचंय. म्हणजे पोरानं सांगून टाकलेलं असतं, उघड, भर वर्गात. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात शिरत नाही एवढंच. पुढे बाप जिवंत लेकराचे अंत्यविधी उरकतो तो सीन जास्त गाजला, साहजिक आहे. मला वर्गातला जास्त मोठा वाटतो.

संवाद लिहिणाऱ्यांसाठी आता थोडं. इंग्रजी मालिकेत पात्र 'मी' म्हणून बिनधास्त बोलू शकतं, लिंग उघडं पडत नाही. मराठीत 'मी येतो' का 'मी येते', हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. दारातून चप्पल सरकवत 'येते गं आई' एवढंच ऐकू आलं आणि स्वयंपाकघरातली फोडणी करपली, की सीन झाला. पानभर स्वगत नको. गंमत अशी की कोल्हापूरकडे बायकाही 'मी आलो' म्हणतात. तिथल्या पार्श्वभूमीच्या मालिकेत एखादं पोर वर्षभर कुणाच्या लक्षात न येता हवं तसं बोलत राहील. ही सोय कुणीतरी वापरावी अशी माझी फार इच्छा आहे.

राहता राहिलं, हे लिहायचं कुणाला विचारून आणि करायचं कुणी. इंग्लंडच्या 'कोरोनेशन स्ट्रीट'मध्ये 1998 साली हेली ही पारलिंगी स्त्री आली. भूमिका पारलिंगी नसलेल्या अभिनेत्रीनं केली, उत्तम केली. पात्र खरं वाटावं म्हणून अ‍ॅनी वॉलेस या पारलिंगी स्त्रीनं सल्ला दिला. त्याच वॉलेसना अभिनेत्री म्हणून 'हॉलीओक्स' या मालिकेत पारलिंगी पात्राची कायमची भूमिका मिळाली 2015मध्ये. सल्लागाराच्या खुर्चीतून कॅमेऱ्यासमोर यायला सतरा वर्षं. मोरा साकारणाऱ्या जेफ्री टॅम्बोर यांनीही 2016चं एमी घेताना म्हटलं होतं की पारलिंगी स्त्रीची भूमिका करणारा पारलिंगी नसलेला शेवटचा पुरुष मी ठरलो तर मला आनंदच होईल. आपल्याकडे 'कारभारी लयभारी'त गंगाची भूमिका पारलिंगी कलाकार प्रणित हाटे यांनी केली आणि मराठी प्रेक्षकानं ती सहज स्वीकारली. प्रेक्षक तयार नाही, हे कारण तेव्हापासून माझ्यासमोर कुणी देऊ नये.

दुपारच्या परिसंवादाला चॅनलची मंडळी आहेत. टीआरपीचा विषय निघेलच, निघू द्या. पण त्यांना एवढं जरूर विचारा, की पोलीस स्टेशनचा सीन असला की निवृत्त इन्स्पेक्टरला बोलावता, ऑपरेशनचा असला की डॉक्टरांना फोन लावता, तर पारलिंगी पात्राच्या ट्रॅकसाठी सल्लागाराचं मानधन तुमच्या बजेटात कुठल्या रकान्यात आहे? आणि श्रेयनामावलीत ते नाव वाचता येईल इतका वेळ पडद्यावर ठेवणार का?