पांढरा चहा : उकळण्याआधी दोन शब्द

चहा कसा करायचा हे कुणी कुणाला शिकवावं, असं आपल्या घरांत कधी वाटतच नाही. आधण ठेवायचं, आलं ठेचून टाकायचं, असलीच तर गवती चहाची दोन पाती, मग साखर, पावडर, दूध आणि दोनदा वर येईपर्यंत उकळी. या चहावर माझा जीव आहे. पण याच सवयीपायी माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली.

माझा भाचा नोकरीच्या कामानं पहिल्यांदाच चीनला गेला होता. येताना माझ्यासाठी त्यानं चहाचा छोटासा पत्र्याचा डबा आणला. आत पावडर नव्हती, पानंही नव्हती. होत्या नुसत्या लांबट, टोकदार कळ्या, अंगावर रुपेरी लव असलेल्या. ‘मावशी, जपून वापर हं,’ म्हणाला. मी दुसऱ्याच दिवशी दोन चमचे कळ्या आलं घालून, दूध ओतून खळाखळा उकळल्या. चव आली गोड गरम दुधाची! ‘पांचट आहे’ म्हणून डबा फडताळात गेला तो थेट हिंगाच्या डबीशेजारी. काही महिन्यांनी भाच्यानं विचारलं, ‘कसा वाटला चहा?’ तोवर कळ्यांना हिंगाचा वास लागला होता. त्याला काय सांगावं मला कळेना. मग मी त्या चहाची माहिती काढायला बसले. आज जे सांगणार आहे, ते डबा उघडण्याआधी मला ठाऊक असायला हवं होतं.

पहिली गोष्ट, पांढऱ्या चहाचं झाड वेगळं नसतं. काळा, हिरवा, पांढरा हे सगळे एकाच जातीच्या झुडपाचे चहा. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. काळ्या चहात पान चुरगळतात, हवेशी त्याची प्रक्रिया होऊ देतात, त्यातून तो रंग आणि कडकपणा येतो. हिरव्या चहात पान लगेच तापवतात आणि ही प्रक्रिया रोखतात. पांढऱ्या चहात पान चुरगळतही नाहीत आणि लगेच तापवतही नाहीत. पानं बांबूच्या सुपांवर पातळ पसरायची, दोन-तीन दिवस सुकू द्यायची आणि शेवटी मंद आचेवर उरलेला ओलावा काढायचा. ऐकायला सोपं, पण पाऊस आला, हवा दमट झाली, तर पानं काळवंडतात. झाकून टाकायला ना धूर, ना भाजल्याचा वास. म्हणून खुडणीचे नियमही कडक. पावसात खुडायचं नाही, दव वाळल्याशिवाय खुडायचं नाही, किडलेली कळी घ्यायची नाही.

या चहाचं माहेर म्हणजे आग्नेय चीनमधला फुजियान प्रांत, त्यातही फुडिंग आणि झेंगहे हे दोन भाग. चीनमधल्या पारंपरिक चहा-निर्मितीला ‘युनेस्को’नं 2022 मध्ये वारशाच्या यादीत स्थान दिलं, त्यात फुडिंगचा पांढरा चहाही आहे. याचे मुख्य प्रकार चार. पहिला ‘बाय हाओ यिन झेन’, म्हणजे पांढऱ्या लवेची रुपेरी सुई. वसंताच्या सुरुवातीला, मार्च-एप्रिलमध्ये खुडलेल्या फक्त कळ्या. माझ्या डब्यात होता तो हाच. त्याची चव ताज्या गवताची, काकडीची, थोडी खरबुजाची आणि मागे रेंगाळणारी मधाची गोडी. दुसरा ‘बाय मुदान’. एक कळी, तिच्यासोबत एक-दोन कोवळी पानं. हा अधिक भरलेला, फुलांचा वास असलेला, आणि नवख्याला चटकन आवडणारा. सुरुवात करायची तर यानेच करा, असं मी म्हणेन. तो खिशालाही त्या मानानं हलका. तिसरा ‘गोंग मेई’, स्थानिक छोट्या पानांच्या झुडपांचा. चौथा ‘शौ मेई’. यात मोठी, जून पानं आणि देठही असतात. रंग गडद, चव खारकेच्या वळणाची. हाँगकाँगच्या खानावळींत जेवणाबरोबर तो सर्रास घेतात.

चीनबाहेर दार्जिलिंग, निलगिरी आणि श्रीलंकेतही पांढरा चहा होतो. युनानमध्ये मोठ्या पानांच्या झुडपांचा एक प्रकार आहे, ‘चंद्रप्रकाशी’ नावाचा. पानाची एक बाजू काळसर, दुसरी पांढरी. मात्र नावावर जाऊ नका. चीनच्या झेजियांग प्रांतातला ‘आंजी बाय चा’ म्हणजे शब्दशः आंजीचा पांढरा चहा, पण बनवण्याच्या पद्धतीनं तो हिरवा चहा आहे!

आता करायचा कसा? रुपेरी सुई आणि बाय मुदानसाठी पाणी उकळा आणि गॅस बंद करून झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं थांबा. साधारण 80 अंशांच्या आसपास पाणी हवं. एका कपाला, म्हणजे 150 मिलिलिटरला, दोन ते तीन ग्रॅम. मोजायला चमचा नको, कारण या कळ्या हलक्या आणि फुगीर असतात. चमचाभर दिसतात, पण वजनाला काहीच भरत नाहीत. घरात छोटा काटा असेल तर उत्तम, नाहीतर दोन-तीन चमचे सैल भरून घ्या. तीन ते पाच मिनिटं ठेवून गाळा. रंग फिकट पिवळा येतो. फिका रंग पाहून ‘झाला नाही’ असं समजू नका. तीच पानं टाकून न देता पुन्हा दोन-तीनदा वापरा, दर वेळी थोडा जास्त वेळ द्या. काचेचा किंवा चिनीमातीचा भांडा बरा. दूध-साखर तर नकोच. पाणी फार जड असेल तर गाळलेलं घ्या.

शौ मेईचं तंत्र वेगळं. त्याला उकळतं पाणी चालतं आणि जुना झालेला शौ मेई तर मंद आचेवर उकळतातही. चिनी लोक म्हणतात, पहिल्या वर्षी चहा, तिसऱ्या वर्षी औषध, सातव्या वर्षी खजिना. यातला ‘औषध’ शब्द वैद्यकीय दावा मानू नका. जुन्या चहाची किंमत मात्र चढते आणि म्हणूनच त्यात फसवणूकही होते. पाकिटावरच्या वर्षावर विसंबून मोठी रक्कम मोजू नका, खात्रीच्या माणसाकडून घ्या.

आणखी एक गैरसमज. ‘पांढऱ्या चहात कॅफिन नसतं’ असं सांगितलं जातं. ते खरं नाही. उलट कोवळ्या कळ्यांत कॅफिन भरपूर असतं. ज्यांना चहानं झोप उडते त्यांनी हाही रात्री घेऊ नये. वजन घटवण्याच्या जाहिरातींनाही भुलू नका. तो चवीसाठी प्यावा. डबा घट्ट झाकणाचा, कोरड्या जागी, उजेडापासून दूर आणि मसाल्यांपासून तर चार हात लांब ठेवावा. हे मी अनुभवानं सांगते!

गेल्या हिवाळ्यात भाचा घरी आला, तेव्हा मी थोडा बाय मुदान आणून ठेवला होता. उकळलेलं पाणी थोडं निववलं, पानं घातली, घड्याळ लावून बसले. दोघांनी न बोलता कप संपवला. ‘आता कळलं तेव्हा काय झालं होतं ते,’ मी म्हणाले आणि हिंगाच्या डबीची सगळी हकीकत सांगून टाकली. तो मनापासून हसला. रिकामा कप पुढे करत म्हणाला, ‘मावशी, छानच झालाय. आता तुझा आल्याचा टाक!’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)